'टेरेस' म्हणजे गच्ची नव्हे हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लंडनच्या राजेशाही घरांवर जो लेख छापलाय तो आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर मोठ्याने वाचला गेला आणि तिसऱ्याच ओळीला ही फिस्सकन हसली, कारण लेखकाने कंबरलंड टेरेसला चक्क 'भव्य गच्ची' करून टाकलंय आणि त्या गच्चीवरून समोरच्या रीजंट्स पार्क या मोठ्या बागेचा नजारा कसा दिसतो याचं वर्णनही केलंय. तेवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं, चुका कुणाच्या होत नाहीत. पण पुढे 'पांढऱ्याशुभ्र दगडात कोरलेले महाल' असं आलं तेव्हा मात्र राहवेना. मी गवंड्याचा पोरगा, स्वतः बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून रिटायर झालो, आणि गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला तीन महिने होतो तेव्हा त्या घरांच्या भिंतींना नाक लावून उभा राहिलेला माणूस आहे. ती गच्ची नाही, तो दगड नाही, आणि खरं सांगायचं तर तो महालही नाही.

आधी टेरेसचं बघू. आपल्याकडे टेरेस म्हटलं की पापड, पाण्याची टाकी नि पतंग. तिकडे टेरेस म्हणजे एकमेकाला चिकटून ओळीने बांधलेली घरं, शेजाऱ्याशी भिंत सामाईक, पुढचा दरवाजा ज्याचा त्याचा. नाशिक-पुण्यात आपण ज्याला रो हाऊस म्हणतो तेच, फक्त चार-पाच मजले उंच. रुंदीला अरुंद आणि खोलीला लांब. रस्त्याच्या पातळीखाली तळघर, त्यात स्वयंपाकघर, त्याला उजेड मिळावा म्हणून घरापुढे खड्ड्यासारखी मोकळी जागा आणि तिला लोखंडी रेलिंग. फुटपाथच्या पोटात कोळशाची कोठी, वर गोल लोखंडी झाकण, कोळसेवाला ते उचलून पोतं तिथेच रिकामं करायचा, म्हणजे काळं पाऊल घरात यायला नको. ती झाकणं जुन्या रस्त्यांवर अजून दिसतात, मी पहिल्या दिवशी त्यांना ड्रेनेजची समजलो होतो. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, म्हणून तिथल्या खिडक्या सगळ्यात उंच, वर झोपायच्या खोल्या, आणि सगळ्यात वरती बुटक्या छताखाली नोकर. घोडे नि गाडी मागच्या गल्लीत. म्हणजे खिडकीची उंची बघितली की आत कोण राहायचं ते बाहेरूनच कळतं.

आता ही घरं आखणाऱ्या जॉन नॅश या आर्किटेक्टने काय केलं, तर अशी पंचवीस-तीस रो हाऊस ओळीत घेतली आणि त्यांच्या तोंडावर एकाच राजवाड्याचा मुखवटा चढवला. जागा राजघराण्याच्या मालकीची, तिची जुनी लीज १८११ साली संपली, आणि प्रिन्स रीजंटला, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जला, लंडन पॅरिससारखं दिमाखदार करायचं होतं. नॅशने बागेचा आणि बागेपर्यंत येणाऱ्या मोठ्या रस्त्याचा प्लॅन दिला, रस्त्याचा कायदा १८१३ ला झाला, तोच आजचा रीजंट स्ट्रीट. कंबरलंड टेरेस १८२६ चं. मोठमोठे तीन भाग, मध्ये कमानींनी जोडलेले, मधल्या भागाला उंच आयोनिक खांबांची (डोक्याशी दोन्हीकडे वळसे असलेल्या) रांग, वर त्रिकोणी माथा आणि त्यात ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी, आणि तिच्याभोवती कला-धंद्यांच्या मूर्ती. त्याच्या दक्षिणेला चेस्टर टेरेस, एका सलग ओळीत जवळजवळ २८० मीटर, दोन्ही टोकांना विजयकमानी आणि कमानीवर ठसठशीत अक्षरात टेरेसचं नाव. समोर उभं राहिलं की एक घर कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं ते शोधून सापडत नाही, आणि गंमत तीच आहे, आत मध्यमशी श्रीमंत माणसं आपापल्या दरवाजाने जात होती आणि बाहेरून प्रत्येकाला वाटत होतं की आपण राजवाड्यात राहतो. कंबरलंड टेरेस इतकं नटवायचं कारण म्हणजे समोर बागेत राजपुत्राचा उन्हाळी बंगला होणार होता. तो झालाच नाही! बंगल्यासाठी केलेला सगळा थाट झाडांकडे बघत उभा राहिला.

पैसे कुणाचे? हे लेखात कुठेच नाही. जमीन ९९ वर्षांच्या लीजवर, पैसा बिल्डरचा, नॅशचं फक्त समोरचं तोंड. कंबरलंडला बिल्डर होता विल्यम माउंटफर्ड नर्स, आणि कामाचे ड्रॉइंग बघायला नॅशने जेम्स थॉमसन नावाचा आर्किटेक्ट बसवला होता. तोंड ठरल्याप्रमाणे झालं पाहिजे, मागे बिल्डर काय करतो त्यात फार कुणी डोकं घालत नसे. पार्क क्रेसंट ही नॅशचीच बाकदार ओळीतली घरं, तिचा पहिला बिल्डर, चार्ल्स मेयर, थोडी घरं बांधून दिवाळखोर झाला आणि काम कित्येक वर्षं तसंच पडून राहिलं. मुळात तिथे पूर्ण गोल होणार होता, झाला अर्धाच. अर्धवट स्कीम, पळालेला बिल्डर, वाट बघणारे लोक, हे वाचताना मला लंडन अगदी आपलंसं वाटायला लागलं.

आता मुख्य मुद्दा, दगडाचा. लंडनखाली चिकणमाती आहे, दगड बाहेरून आणायचा म्हणजे खर्च, वीट मात्र पाहिजे तेवढी. म्हणून वीटकाम करायचं आणि वर गिलावा. स्टको म्हणजे दुसरं काही नाही हो, गिलावाच. पण साधा चुन्याचा गिलावा तिकडच्या पावसात बाहेर टिकेना, तेव्हा जेम्स पार्करने १७९६ साली पेटंट घेतलेलं 'रोमन सिमेंट' कामाला आलं. रोमन लोकांचा त्याच्याशी काही संबंध नाही, नाव विकायला बरं. थेम्सच्या मुखाजवळच्या शेपी बेटाच्या किनाऱ्यावर चुनखडी नि मातीचे गोटे सापडतात, ते भट्टीत भाजायचे, दळायचे, झालं सिमेंट. आजच्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, म्हणजे त्याच्याही आधीची ही गोष्ट. ते पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं! आमचे दादा चुना खड्ड्यात महिना महिना भिजवून ठेवायचे, मग चुन्याच्या घाण्यात मळायचे, तेवढ्या वेळात या लोकांचं अख्खं टेरेस उभं राहिलं असतं. पण पंधरा मिनिटांत घट्ट होणारा माल म्हणजे गवंड्याची परीक्षा, थोडा थोडाच कालवायचा आणि कालवला की हात थांबवायचा नाही, त्यात त्या लांबच लांब कंगण्या, म्हणजे भिंतीच्या वरच्या कडेला पुढे आलेल्या आडव्या पट्ट्या, फर्मा ओढून काढायच्या. फर्मा म्हणजे पत्र्याचा कापलेला आकार, लाकडाला ठोकलेला, तो पट्टीवरून सरळ ओढत न्यायचा आणि ओल्या मालातून कंगणीचा आकार निघत जातो. मध्ये अडखळलं की तिथे गाठ दिसते आणि ती कायमची. चेस्टर टेरेससमोर उभं राहून मी अर्धा तास फक्त कंगणीची ओळ बघत होतो, लेक म्हणाली बाबा मान दुखेल. तिला काय सांगू की २८० मीटर सरळ रेष मारणं म्हणजे काय असतं.

आणि पांढराशुभ्र तर मुळीच नव्हता. रोमन सिमेंट निघतं तपकिरी, आपल्या गुळाच्या ढेपेसारखं, आणि हवं होतं बाथ गावच्या दगडासारखं, तो दगड मधाच्या रंगाचा. म्हणून गिलाव्यावर दगडाच्या सांध्यासारख्या रेघा ओढायच्या आणि वरून पिवळसर रंग, घर घेणाऱ्याच्या लीजमध्येच तशी अट. म्हणजे दगड असल्याची बतावणी पूर्ण. आज आपण जो चकचकीत क्रीम-पांढरा रंग बघून 'वा काय शुभ्र' म्हणतो तो नंतरचा, ऑइलपेंट लोकांच्या अंगवळणी पडल्यावरचा. नॅश आज आला तर त्याला पहिल्यांदा वाटेल की घरांना फक्त प्रायमर मारून ठेवलाय आणि रंगारी जेवायला गेलाय. लेखक ज्या पांढऱ्या रंगावर दोन परिच्छेद भाळलाय तो नॅशचा नाहीच. हा माझ्या मते लेखातला सगळ्यात मोठा घोटाळा आहे, गच्चीपेक्षाही मोठा.

लोक तेव्हाही काही भोळे नव्हते म्हणा. रोमचा सम्राट ऑगस्टस म्हणायचा की मला रोम विटांचं मिळालं, मी ते संगमरवरी करून ठेवलं. त्यावर १८२६ साली एका इंग्रजी नियतकालिकात चार ओळींचा चिमटा आला, की आमचा नॅशही काही कमी नाही, त्याला सगळं विटांचं मिळालं आणि त्याने सगळं प्लास्टरचं करून सोडलं. बिचारा. पुढे बकिंगहॅम पॅलेसच्या खर्चावरून त्याची उचलबांगडी झाली, ती वेगळी कथा.

एका टेरेसला रंगकाम चाललं होतं, परांची बांधलेली. खालच्या फळीवर एक वयस्कर कारागीर करणीच्या लाकडी मुठीने भिंतीवर टकटक करत पुढे सरकत होता. मी थांबलो, कारण हे मी लहानपणापासून बघत आलोय. टक, टक, टक, आणि मध्येच बद्द. बद्द आवाज आला की त्याने खडूने गोल काढला. गिलावा विटेपासून सुटला की पोकळ वाजतो, तेवढा भाग काढून परत भरायचा, भाषा कळायची गरजच नाही. मी खालून म्हटलं 'हॉलो?' तर तो हसला आणि खाली पडलेला एक पापुद्रा उचलून माझ्या हातात दिला. रंगाचाच पापुद्रा, पण जाडी दोन रुपयाच्या नाण्यापेक्षा जास्त, आणि कडेने बघितलं तर कांद्यासारखे थर, क्रीम, क्रीम, पिवळट, मळकट, परत क्रीम. मी अकरापर्यंत मोजले, मग डोळ्यांनी साथ सोडली. पापुद्रा निघाला तिथे खाली तोच गुळासारखा तपकिरी रंग दिसत होता. त्या जाड रंगाचा तोटाही आहे, जुना गिलावा श्वास घेतो आणि वरचा चकचकीत रंग घेऊ देत नाही, मग बारीक तड्यांतून आत शिरलेलं पाणी आतच बसतं, फुगवटा येतो, आणि पुढच्या वेळी परत टकटक-बद्द. पण रंग मारायचा नाही असंही चालत नाही, कारण जमीन अजून क्राउन इस्टेटची, म्हणजे राजघराण्याच्या नावच्या मिळकती सांभाळणाऱ्या संस्थेची, आहे आणि लीजमध्ये अट आहे की ठरलेल्या वर्षांनी, ठरलेल्या छटेत रंग मारायचाच. एकाने निळा दरवाजा नि दुसऱ्याने अबोली भिंत केली की राजवाडा खलास, उरतील फक्त तीस रो हाऊस. आमच्या सोसायटीत चौदा घरं आहेत, बाहेरचा रंग एक असावा म्हणून तीन जनरल मीटिंग झाल्या, चहा-सामोसे झाले, आज चौदा घरांना नऊ रंग आहेत, त्यातला एक जांभळा.

पार्क क्रेसंटला मी फजित झालो तेही सांगतो. तिथे तळमजल्याला जोडी-जोडीने आयोनिक खांब आहेत, हाताला लागतात, म्हणून मी मोठ्या भक्तिभावाने एका खांबाला हात लावला आणि लेकीला म्हटलं बघ, दोनशे वर्षं. मग लक्षात आलं की कडा फार ताज्या आहेत, दोनशे वर्षांच्या कडा अशा करकरीत राहत नाहीत, रंगाचे थर त्यांना गोल करून टाकतात. घरी येऊन वाचलं तर काय, युद्धात बॉम्ब पडून ते सगळं खिळखिळं झालेलं, १९६० च्या दशकात हुबेहूब तोंड ठेवून परत बांधलं, आणि पश्चिमेची बाजू तर आता गेल्या काही वर्षांत पाडून तिसऱ्यांदा उभी केली, आत महागडे फ्लॅट. मी नमस्कार केला तो माझ्या नातीपेक्षा लहान खांबाला! त्याच कामात खोदताना १७८० च्या दशकातलं जमिनीखालचं विटांचं बर्फघर सापडलं, अंड्यासारखं, साडेनऊ मीटर खोल, एका व्यापाऱ्याने १८२० च्या दशकात नॉर्वेहून जहाजाने बर्फ आणून त्यात साठवला होता. तोंड नवं आणि पोट जुनं.

कार्लटन हाऊस टेरेसला मात्र मी शहाणा झालो होतो. ते १८२७ ते ३३ मधलं, राजपुत्राचा जुना वाडा पाडून त्या जागेवर, द मॉल रस्त्याच्या बाजूला खाली बुटक्या जाडजूड डोरिक खांबांची रांग आहे. दिसायला पक्के दगडी. मी खिशातली किल्ली काढून हळूच टिचकी मारली तर टण्ण! ओतीव लोखंड. दगडासारखा रंग मारलेलं लोखंड. लेक इकडेतिकडे बघत म्हणाली, बाबा, राणीच्या घराचा रस्ता आहे हा, पोलीस येतील. आता राणी कुठली, राजा आहे, पण तिची भीती रास्त होती, म्हणून दुसऱ्या खांबाला मारली नाही.

युद्धानंतर ही सगळी घरं पाडूनच टाकायची की काय अशी वेळ आली होती. बॉम्बने हादरलेली, लाकूड कुजलेलं, आणि मुळात बिल्डरने काटकसरीत बांधलेली. सरकारने गॉरेल कमिटी नेमली, तिने १९४७ साली सांगितलं की ठेवा. त्यानंतरही दहा-एक वर्षं घोळ चालला आणि मग १९६० च्या आसपास डागडुजी सुरू झाली, कित्येक ठिकाणी पुढचं तोंड ठेवलं आणि मागे फ्लॅट नि ऑफिसं नव्याने बांधली. काही शुद्धतावाद्यांना हे पटत नाही, आतलं गेलं मग राहिलं काय म्हणतात. मला वाटतं नॅशचं त्यात होतंच काय तर तोंड, तेच तर ठेवलं! याउलट रीजंट स्ट्रीटवर ९९ वर्षांच्या लीज संपत आल्या तशी नॅशची घरं एकेक करून पाडली आणि तिथे खरोखरीच्या दगडाच्या मोठ्या इमारती आल्या. पोर्टलँडचा अस्सल दगड. आज तिथे नॅशचं म्हणजे रस्त्याचं वळण आणि वरच्या टोकाचं ऑल सोल्स चर्च, एवढंच शिल्लक आहे. बतावणी टिकली ती गिलाव्याची, बागेभोवतीची.

लेखात एक गोष्ट नाही याचं मला सगळ्यात वाईट वाटलं, मराठी पेपर आहे म्हणून म्हणतो. बागेच्या पश्चिमेला लिटल व्हेनिसच्या बाजूला हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे, तो सगळा भाग अशाच पांढऱ्या गिलाव्याच्या घरांचा, तिथे १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे, लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ ला राहिले. चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी गेले होते तेव्हा. आणि बागेच्या उत्तरेला प्रिमरोझ हिल ओलांडलं की १०, किंग हेन्रीज रोड, टेरेसमधलंच चार मजली घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकताना राहत होते आणि जे २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. म्हणजे लंडनच्या एका टेरेसचं एक घर चक्क आपलं आहे! तिथे स्मारक करताना कौन्सिलने हरकत घेतली होती की राहायच्या घराचं म्युझियम करायचं तर परवानगी कुठेय, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि २०२० साली परवानगी मिळाली. आम्ही गेलो तेव्हा आत एक कुटुंब नांदेडहून आलेलं, लहान मुलाला बाबासाहेबांच्या खोलीतल्या टेबलाजवळ उभं करून फोटो चालले होते, आणि मी सवयीने जिन्याच्या बाजूची सामाईक भिंत बघत होतो. भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्याचा टीव्ही चालू असावा असं वाटलं. तीच तर टेरेसची व्याख्या, पलीकडे कुणीतरी राहतंय.

तर विनंती एवढीच की पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, गच्ची काढून 'ओळीतली घरं' करा, दगडाच्या जागी गिलावा लिहा. आणि सोबत फोटो छापणार असाल तर परत तो खांबांचा नको, तो सगळ्यांकडे आहे. कंबरलंड टेरेसच्या मागच्या गल्लीत जाऊन काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे, तो देतो. मागे गिलावा नाही, मळकट पिवळी उघडी वीट, वेड्यावाकड्या खिडक्या, भिंतीवरून उतरलेले काळे पाइप आणि एका खिडकीत वाळत घातलेला टॉवेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा